एक आणि दोन : एका पहाटेचा घटनाक्रम

बुधवार, १ फेब्रुवारी २०१७, पहाटे ४ वाजून ५७ मिनिटे. 'गिटलॅब डॉट कॉम' या संकेतस्थळाच्या मुख्य डेटाबेस सर्व्हरवर एका अभियंत्याने स्वतःच दिलेला आदेश घाईने थांबवला. चूक लक्षात यायला एक-दोन सेकंद लागले होते. तेवढ्यात सुमारे ३१० जीबी माहितीपैकी ४.५ जीबी उरली होती.

जगभरातले प्रोग्रामर या संकेतस्थळावर आपला कोड ठेवतात, त्यावर चर्चा करतात, चुका नोंदवतात. त्या रात्री काय घडले ते कंपनीने स्वतः जाहीरपणे लिहून ठेवले, म्हणून हा क्रम आज सांगता येतो. कंपनीच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत आहेत. त्यांत साडेपाच तास मिळवून येथे भारतीय वेळ दिली आहे. परभणीत बसलेल्या वाचकाला ती रात्र आपल्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजता यावी, एवढाच हेतू. मूळ नोंदीत वेळ अंदाजे असेल तिथे 'सुमारे' म्हटले आहे.

डिस्क शेवटपर्यंत धडधाकट होत्या. चुकली ती ओळख : समोरचे यंत्र कोणते, ही.

सुमारे एक वर्ष आधी

डेटाबेसचे सॉफ्टवेअर 'पोस्टग्रेस'. एका वेळी किती जोडण्या स्वीकारायच्या, याची मर्यादा त्यात ठरवावी लागते. कोणीतरी ती ८००० ठेवली. आकडा गरजेपेक्षा खूप मोठा होता. पण सर्व्हर सुरळीत चालला, म्हणून पुन्हा कोणी तिकडे पाहिले नाही.

त्या काळात, रोज

डेटाबेसची पूर्ण प्रत दर २४ तासांनी काढून अ‍ॅमेझॉनच्या 'एस-थ्री' साठवणीत ठेवायची, अशी व्यवस्था लावलेली होती. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. प्रत काढणारा प्रोग्राम मात्र ज्या सर्व्हरवर चाले तिथे डेटाबेस नव्हता, त्यामुळे तो आपोआप ९.२ आवृत्ती वापरत असे. आवृत्त्या जुळत नसल्याने तो चूक दाखवून थांबे.

चूक झाली की ईमेल जावी, अशीही सोय होती. ईमेल निघत. पण त्यांवर आवश्यक ती डिजिटल सही नसल्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत असे. इशारा रोज दिला जात होता आणि कोणापर्यंत पोहोचत नव्हता.

काढलेली प्रत परत चढवून पाहण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर नव्हती.

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७, सकाळी ६:३०
*उरलेला वेळ : २२ तास २७ मिनिटे*

रोज याच वेळी एक काम आपोआप होई. मुख्य डेटाबेस ज्या व्हॉल्यूमवर होता, त्याचा 'एलव्हीएम स्नॅपशॉट' घेतला जाई आणि तो चाचणीच्या सर्व्हरवर चढवला जाई. एलव्हीएम ही लिनक्समधली व्हॉल्यूम सांभाळणारी व्यवस्था. ती अनेक डिस्क एकत्र करून त्यांचे नाव दिलेले भाग पाडते आणि त्या भागाची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवू शकते.

हा स्नॅपशॉट चाचणीसाठी होता. आपत्तीतून सावरण्यासाठी तो घेतला जात नव्हता. नवी प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघणार होती.

रात्री १०:५०
*उरलेला वेळ : ६ तास ७ मिनिटे*

एका अभियंत्याला डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटण्याचा प्रयोग करायचा होता. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर ताजी माहिती हवी होती. सकाळची प्रत सोळा तास जुनी झाली होती. सकाळपर्यंत थांबता आले असते. त्याने थांबण्याऐवजी हाताने नवा स्नॅपशॉट घेतला आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवला.

त्या रात्री घेतलेल्या सगळ्या निर्णयांत पुढे उपयोगी पडला तो हाच. घेताना त्यामागे सुरक्षेचा विचार नव्हता.

रात्री ११:३० ते १२:३०
*उरलेला वेळ : सुमारे साडेचार तास*

डेटाबेसवरचा भार वाढू लागला. संकेतस्थळावर कोडचे छोटे तुकडे चिकटवण्याची सोय आहे. स्पॅम करणारे त्यांचा भडिमार करत होते. आदल्या आठवड्यातही असे हल्ले झाले होते, पण इतके जोराचे नव्हते. लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात.

भारामागे आणखी एक कारण होते. ते नंतर कळले. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची खोटी तक्रार आली होती आणि ते खाते चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेले होते. ते खाते आणि त्याची सगळी माहिती पुसण्याचे काम पडद्याआड चालू होते. खात्यावर 'हा आपला माणूस' अशी ठळक खूण असती, तर ते यादीत जाताना कोणाच्या तरी नजरेत आले असते.

पहाटे २:३०
*उरलेला वेळ : २ तास २७ मिनिटे*

डेटाबेसमध्ये नवी माहिती लिहिणेच अडकले. संकेतस्थळ काही काळ बंद पडले. अभियंत्यांनी स्पॅम करणाऱ्यांचे पत्ते अडवले, त्यांची खाती काढली. एका खात्यावर ४७,००० वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून लोक शिरत होते. तेही खाते काढले.

डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. मुख्य सर्व्हरचे नाव 'डीबी १', दुय्यम सर्व्हरचे 'डीबी २'. पुढचे पूर्ण नाव दोघांचे सारखेच होते. मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल दुय्यमकडे पाठवला जाई, म्हणजे एक पडला तर दुसरा तयार असावा. दोन्ही सर्व्हरांवर माहिती एकाच मार्गाच्या फोल्डरमध्ये होती, अक्षराअक्षराने एकाच. फरक फक्त नावातल्या एका आकड्याचा.

पहाटे ३:३०
*उरलेला वेळ : १ तास २७ मिनिटे*

धोक्याचा संदेश आला : दुय्यम सर्व्हर मागे पडला आहे. तो सुमारे ४ जीबी मागे होता. मुख्य सर्व्हर बदलांची नोंदवही ठराविक काळच जवळ ठेवतो, मग जुनी पाने काढून टाकतो. दुय्यमला हवी असलेली पाने काढली गेली होती. ती पाने वेगळी जपून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण ती चालू केलेली नव्हती. आता दुय्यम सर्व्हर पूर्ण रिकामा करून मुख्यवरून नव्याने भरणे, एवढाच मार्ग उरला.

जो अभियंता हे काम पाहत होता, त्याच्या गावी रात्रीचे ११ वाजत आले होते. तो काम बंद करून उठणार होता. ही अडचण आली म्हणून तो थांबला.

त्याने दुय्यम सर्व्हरवरचे डेटाबेसचे फोल्डर पुसले. सर्व्हर बरोबर होता, पायरीही बरोबर होती. या क्षणापासून जिवंत माहितीची प्रत एकाच यंत्रावर होती : डीबी १.

पहाटे सुमारे ४:३०
*उरलेला वेळ : सुमारे २७ मिनिटे*

दुय्यम सर्व्हर भरण्यासाठी 'पीजी बेसबॅकअप' हा प्रोग्राम चालवला. तो नुसता थांबून राहिला. सविस्तर माहिती दे, असे सांगूनही पडद्यावर काही उमटेना. काही प्रयत्नांनंतर तक्रार आली की मुख्य सर्व्हरकडे प्रती पाठवण्याच्या जागा अपुऱ्या आहेत. मर्यादा ३ होती, ती ३२ केली.

नव्या मर्यादेसाठी मुख्य सर्व्हरवर पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावे लागते. ते सुरू होईना. वर्षभरापूर्वीचा ८००० हा आकडा आता आडवा आला. तो २००० वर आणला, तेव्हा पोस्टग्रेस सुरू झाले.

हे बदल डीबी १ वर करायचे होते. प्रत भरण्याचे काम डीबी २ वर होते. त्यामुळे कामाच्या ओघात दोन्ही यंत्रांच्या खिडक्या पडद्यावर उघड्या होत्या आणि हात एकीकडून दुसरीकडे जात होता.

४:३० नंतर

पीजी बेसबॅकअप अजून गप्पच. प्रोग्राम आतून काय करतो आहे, ते पाहण्याचे साधन लावले. तो कशाची तरी वाट पाहत आहे, एवढेच कळले.

हे त्याचे नेहमीचे वागणे होते. मुख्य सर्व्हर माहिती पाठवू लागेपर्यंत तो काहीही न बोलता थांबतो. कंपनीतल्या एका अभियंत्याला हे ठाऊक होते, पण तो त्या वेळी हजर नव्हता. कामाच्या मार्गदर्शिकेत ते लिहिलेले नव्हते. प्रोग्रामच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हते.

आणखी थोडा वेळ वाट पाहणे, हा एक पर्याय होता. तो कोणाला सुचण्यासारखा नव्हता, कारण पडद्यावर त्याची खूण नव्हती.

पाच वाजायला काही मिनिटे

अभियंत्याच्या मनात शंका आली. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत दुय्यम सर्व्हरच्या फोल्डरमध्ये काही फाइली तर राहिल्या नसतील? प्रोग्रामला पूर्ण रिकामे फोल्डर लागते. ते पुन्हा एकदा पुसून टाकावे, असे त्याने ठरवले.

इथे युनिक्सची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

युनिक्समध्ये आणि तिच्या वळणावर बनलेल्या लिनक्समध्ये डिस्क म्हणजे फाइलींच्या एकाच मोठ्या झाडावर टांगलेली फांदी. फोल्डरचा मार्ग वाचून ते कोणत्या डिस्कवर आहे हे कळत नाही, आणि कोणत्या यंत्रावर आहे हेही कळत नाही. डिस्कला यंत्र स्वतः जे नाव देते, ते सापडण्याच्या क्रमाने दिलेले असते : पहिली 'एसडीए', दुसरी 'एसडीबी'. एखादी डिस्क काढली, नवी जोडली किंवा यंत्र पुन्हा सुरू केले, तर कालची एसडीबी आज एसडीए होऊ शकते. पुसण्याचा 'आरएम' आदेश सक्तीच्या खुणेसह दिला, तर तो खात्री विचारत नाही. नाव जुळले की काम सुरू.

म्हणून खरी ओळख वेगळी लावावी लागते. डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेला लेबल देता येते, आणि ते डिस्कवरच लिहिले जाते. डिस्क कोणत्याही यंत्राला कुठल्याही क्रमाने जोडली, तरी ते सोबत जाते. एलव्हीएममध्ये व्हॉल्यूमला अर्थ सांगणारे नाव देता येते. सर्व्हरच्या आदेश-ओळीच्या सुरुवातीला त्याचे नाव आणि भूमिका ठळक रंगात दाखवता येते. ही सगळी कामे काही मिनिटांची आहेत. ती शांत दिवशी करायची असतात, कारण त्यांची गरज अशा रात्री लागते.

त्या पहाटे दोन खिडक्यांत फरक सांगणारी खूण होती : एक आणि दोन.

पहाटे ४:५७
*उरलेला वेळ : शून्य*

आदेश दिला गेला.

एक-दोन सेकंदांत अभियंत्याला दिसले की तो डीबी १ वर आहे. त्याने आदेश थांबवला. सुमारे ३०० जीबी माहिती गेलेली होती.

डीबी २ त्याआधीच रिकामा होता.

पाच वाजल्यानंतर

संकेतस्थळ बंद करण्यात आले. कंपनीने ट्विटरवर जाहीर केले की खरी माहिती चुकून पुसली गेली आहे. दुरुस्तीच्या नोंदी ज्या कागदपत्रात लिहिल्या जात होत्या, ते सगळ्यांना वाचायला खुले केले.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. एकामागून एक दारे ठोठावली गेली.

एस-थ्री साठवण उघडली. ती रिकामी होती. न पोहोचलेल्या ईमेलांची गोष्ट तेव्हा उघडकीला आली.

सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या 'अ‍ॅझ्युअर'वर होते. तिथे संपूर्ण डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय आहे. ती फाइल सर्व्हरांसाठी चालू होती. डेटाबेस सर्व्हरांसाठी चालू केलेली नव्हती, कारण बाकीचे उपाय पुरेसे आहेत असे मानले गेले होते.

दुय्यम सर्व्हर हा बॅकअप मानावा, तर तो अभियंत्यांनीच तासाभरापूर्वी पुसला होता.

माहिती सुरक्षित ठेवण्याचे पाच उपाय कंपनीने योजले होते. त्या पहाटेच्या जाहीर नोंदीत तिने स्वतः लिहिले की पाचांपैकी एकही भरवशाने चालत नव्हता, किंवा मुळात बसवलेलाच नव्हता.

उरला तो रात्री १०:५० चा, प्रयोगासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो सहा तास जुना होता. तो नसता, तर सकाळी साडेसहाच्या प्रतीवर यावे लागले असते आणि जवळजवळ पूर्ण दिवस गेला असता.

सकाळी ६:३०

रोजचा आपोआप होणारा स्नॅपशॉट घेण्याची वेळ. गोठवून ठेवावे असे मुख्य व्हॉल्यूमवर आता काही नव्हते. दीड तासाचे अंतर पडले होते.

सकाळी ११:००

दिल्लीत अरुण जेटली लोकसभेत अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले.  

गिटलॅबचे अभियंते त्या वेळी चाचणीच्या सर्व्हरवरून मुख्य सर्व्हरवर माहिती आणत होते. चाचणीचा सर्व्हर स्वस्त साठवणीवर ठेवलेला होता. त्याच्या डिस्क संथ होत्या. वेग सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट. त्याहून वेगाने ते काम होण्यासारखे नव्हते. खर्च वाचवण्याचा तो साधा निर्णय आता तासांत मोजला जात होता. प्रत आणण्याचे काम जवळजवळ दिवसभर चालले.

कंपनीने हे काम यूट्यूबवर थेट दाखवले. एका वेळी सुमारे ५,००० लोक ते पाहत होते.

परत आणलेल्या डेटाबेसमध्ये एक काळजी घेण्यात आली. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो. हरवलेल्या सहा तासांत दिले गेलेले क्रमांक पुन्हा वापरले गेले असते, तर जुने दुवे भलत्याच नोंदींकडे नेले असते. म्हणून सगळे अनुक्रमांक १,००,००० ने पुढे सरकवले. ओळख पुन्हा चुकू नये यासाठी केलेली ही त्या दिवसातली पहिली तजवीज.

रात्री १०:३०

डेटाबेस उभा राहिला. काही जोडण्या परत बसवायच्या होत्या.

रात्री ११:४४

संकेतस्थळ पुन्हा सुरू झाल्याची घोषणा झाली. आदेश थांबवल्याला १८ तास ४७ मिनिटे झाली होती.

हिशेब

मंगळवारी रात्री १०:५० नंतर डेटाबेसमध्ये लिहिलेले सर्व काही गेले. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. लोकांचा प्रत्यक्ष कोड वेगळ्या फाइल सर्व्हरांवर होता. तो पोहोचण्यापलीकडे गेला होता, पण सुरक्षित राहिला.

५,००० प्रतिक्रिया ही संख्या लहान वाटेल. त्यातली प्रत्येक कोणीतरी वेळ काढून, विचार करून लिहिली होती. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

१० फेब्रुवारी २०१७

कंपनीने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आदेश देणाऱ्याचे नाव त्यात नाही. दोष एका माणसाच्या हातावर ढकललेला नाही. तो माणूस आळशी नव्हता, अडाणी नव्हता. उशीर झाला तरी काम सोडून न गेलेला तो माणूस होता. त्याच्या सावधपणावर सगळी सुरक्षितता टांगून ठेवली होती, हा दोष होता.

अहवालात उपायांची यादी आहे. स्नॅपशॉट दिवसातून एकदा घेण्याऐवजी तासाला घ्यायचा. बॅकअप चालला की नाही ते सगळ्यांना दिसेल असे लावायचे. तो परत चढवून पाहण्याची जबाबदारी नेमून द्यायची. आणि त्याच यादीत एक छोटी ओळ : प्रत्येक सर्व्हरची आदेश-ओळ अशी बदलायची की समोरचे यंत्र कोणते आणि ते खरे काम करणारे की चाचणीचे, हे पाहताक्षणी कळावे.

म्हणजे लेबल. ३०० जीबी गेल्यानंतर लावलेले.

आपल्या जिल्ह्यात, कोणत्याही दिवशी

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा. लग्नाचे शूटिंग ठेवणारा फोटो स्टुडिओ, जिनिंगचा हिशेब ठेवणारा मुनीम, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, पीक आणि हवामानाच्या नोंदी जमवणारा संशोधक. टेबलावर सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या हार्ड डिस्क असतात. विंडोजने दोन्हींना स्वतःहून एकच नाव दिलेले असते : 'न्यू व्हॉल्यूम'. एकीवर तीन वर्षांचे काम असते, दुसरी फॉरमॅट करायची असते. डीबी १ आणि डीबी २ यांच्यात निदान एका आकड्याचा फरक होता. इथे तेवढाही नाही.

उपाय खर्चाचा नाही. लिनक्सवर 'एलएसबीएलके' हा आदेश फाइल-व्यवस्था दाखवण्याच्या खुणेसह दिला, की प्रत्येक भागाचे लेबल, त्याचा ओळख-क्रमांक आणि तो कुठे जोडला आहे, हे एका तक्त्यात दिसते. ईएक्सटी-४ भागाला 'ई-टू-लेबल' आदेशाने, एक्सएफएस भागाला 'एक्सएफएस अ‍ॅडमिन' आदेशाने नाव देता येते. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी 'एफएसटॅब' फाइलीत असते. तिथे एसडीए, एसडीबी असे क्रमावर अवलंबून असलेले नाव लिहू नये. लेबल किंवा ओळख-क्रमांक लिहावा.

नाव ठरवताना जागेचा विचार करावा. ईएक्सटी-४ चे लेबल १६ बाइटांचे असते, एक्सएफएसचे १२, पेनड्राइव्हवर नेहमी असणाऱ्या फॅट प्रकाराचे ११ अक्षरांचे. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह आणि प्रत्येक मात्रा यांना तीन-तीन बाइट लागतात. 'परभणी' हे नाव १५ बाइटांत ईएक्सटी-४ वर मावते, एक्सएफएसवर मावत नाही. 'जिंतूर' ईएक्सटी-४ वरही मावत नाही. म्हणून लेबल रोमन अक्षरांत, छोटे आणि अर्थ सांगणारे असावे : कशाची माहिती, कोणते वर्ष, मूळ की प्रत. तेच नाव डिस्कच्या पाठीवर कागदी चिठ्ठीवरही लिहावे.

दोन धोके लक्षात ठेवावेत. डिस्क फॉरमॅट केली की जुने लेबल जाते, ते पुन्हा द्यावे लागते. आणि डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर लेबल आणि ओळख-क्रमांक दोन्ही नकलेत उतरतात. अशा जुळ्या डिस्क एकाच यंत्राला जोडल्या, तर यंत्र कोणती उचलेल याचा भरवसा नसतो. नक्कल झाल्याबरोबर तिचे नाव आणि ओळख-क्रमांक बदलावेत.

पुसण्याचा किंवा फॉरमॅटचा आदेश देण्याआधी यंत्राचे नाव आणि डिस्कचे लेबल मोठ्याने वाचावे. शेजारी कोणी असेल तर त्याला वाचायला सांगावे. रात्र झाली असेल, थकवा आला असेल आणि माहितीची दुसरी प्रत हाताशी नसेल, तर तो आदेश सकाळवर ठेवावा.

आणि बॅकअप आहे असे म्हणण्याआधी तो एकदा उघडून पाहावा. गिटलॅबकडे जगातले उत्तम अभियंते होते आणि पाच उपाय होते. पाचही कागदावर होते. आज घरी गेल्यावर आपली डिस्क जोडा, तिचे नाव पाहा. 'न्यू व्हॉल्यूम' दिसले, तर ते आजच बदला.